सायलेन्सर उतरवला, शोरूमचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकलींवर कारवाई झाल्याच्या बातम्या आपल्या गोव्यात अधूनमधून वाचायला मिळतात. तालांव (दंडाची पावती) दिला जातो, काही वेळा सायलेन्सर उतरवून ताब्यात घेतला जातो, आणि थोड्याच दिवसांत त्याच वाड्यावर तसाच आवाज पुन्हा घुमू लागतो. या मोहिमांना माझा विरोध नाही. रात्री अकरा वाजता वस्तीतून फटाके फोडत जाणाऱ्या गाडीचा त्रास इतरांप्रमाणे मलाही होतो. मात्र मोटारसायकलींची आवड असल्यामुळे आणि मित्रमंडळी गाड्या कशा निवडतात, काय बदलतात व कशावर खर्च करतात हे अनेक वर्षे जवळून पाहिल्यामुळे मला असे वाटू लागले आहे, की आपण या दुखण्यावर फार उशिरा औषध देतो. माणूस गाडी घेतो, ती आपल्याला हवी तशी नाही हे त्याला दोन महिन्यांनी कळते, आणि मग निवडीतली चूक तो गराजमध्ये पैसे ओतून दुरुस्त करू पाहतो. बदलांपैकी निदान निम्मे बदल या एका कारणाने होतात, असे माझे मत आहे. म्हणून सायलेन्सरविषयी बोलण्याआधी शोरूममधल्या टेस्ट राइडविषयी बोलायला हवे.

टेस्ट राइड कशी होते, हे ज्याने गाडी घेतली आहे त्याला ठाऊक आहे. परवान्याची प्रत द्यायची, कागदावर सही करायची आणि हमरस्त्याने पुढच्या जंक्शनपर्यंत जाऊन परत यायचे. रस्ता सपाट, डांबर गुळगुळीत, इंजिन आधीच तापलेले, मागे कोणी नाही, सामान नाही. गाडी बहुधा दसऱ्याला किंवा पाडव्याला घरी न्यायची असल्यामुळे पाऊसही नसतो. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने रस्ते ओले असतात, तिथला गिऱ्हाईक ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो हे न पाहताच लाख-दोन लाख रुपये मोजतो. या दहा मिनिटांत गाडीविषयी दोनच गोष्टी समजतात: तिचा आवाज आणि तिचा पिकअप. पुढे गराजमध्ये जे सर्वांत आधी बदलले जाते, तेही नेमके हेच दोन. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

अलीकडे चालवून पाहिलेल्या काही गाड्यांची उदाहरणे घेतो. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० ही २०२१ मध्ये नव्या इंजिनासह आली. ३४९ सीसीचे हे इंजिन सुमारे २० अश्वशक्ती आणि ४,००० आरपीएमला (मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर) २७ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, आणि गाडीचे वजन १९५ किलो भरते. जुन्या बुलेटच्या मानाने हादरे पुष्कळ कमी झाले आहेत. फोंड्याहून जुने गोवेमार्गे पणजीला ताशी साठ-सत्तरने जाताना ती इतकी निवांत चालते, की पुढच्याला ओलांडावे अशी इच्छाच होत नाही. परंतु हीच गाडी मागे माणूस आणि दोन पिशव्या घेऊन केरीहून चोर्ला घाटात चढवली, की ट्रकच्या मागे थांबून, गिअर उतरवून, वळणापुढची मोकळी जागा पाहूनच पुढे जावे लागते. हा गाडीचा दोष नाही. तिची घडणच तशी आहे, आणि ज्याला ती आवडते त्याला त्याचसाठी आवडते. अडचण होते ती दोनशे सीसीच्या चपळ गाडीवरून उतरून केवळ रूप आणि ठोका यांवर भुलून तिच्यावर बसणाऱ्या तरुणाची. त्याला घाटात ती मंद वाटते, कोणीतरी सांगते की सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदल म्हणजे गाडी सुटेल, आणि तिथून सगळे सुरू होते.

याच्या उलट २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फची स्पीड ४०० पाहा. ३९८ सीसी, ४० पीएस (जवळजवळ तितकीच अश्वशक्ती) आणि वजन १७६ किलो. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या हिमालयन ४५० चीही ताकद तेवढीच आहे, पण वजन १९६ किलो आणि बैठक उंच. या गाड्यांची खरी ताकद इंजिन वर फिरू लागल्यावर जाणवते. म्हापशाच्या बाजारातून चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू ओढत नेण्याची सवय असलेल्या माणसाला इथे गिअर बदलत राहावे लागते, आणि घाटात मात्र तोच माणूस खूश होतो. सपाट रस्त्यावरच्या दहा मिनिटांत हा फरक कळण्यासारखा नाही. पन्नास मीटरचा का होईना एखादा चढ, दोन मोठे गतिरोधक आणि एक अरुंद वळण इतके जरी त्या फेरीत असते, तरी पुष्कळांची निवड वेगळी झाली असती.

बैठकीच्या उंचीविषयी तर गोव्यात खास बोलायला हवे, कारण आपल्याकडे फेरीबोट आहे. रायबंदरहून चोडणला जाताना, विशेषतः ओहोटीच्या वेळी, रॅम्पचा उतार वाढलेला असतो, लोखंडी पत्रा ओला असतो, पुढे स्कूटर थांबलेली असते आणि मागून मोटार येत असते. अशा ठिकाणी एक पाय जमिनीवर घट्ट टेकता आला नाही, तर गाडी कितीही चांगली असली तरी ती आपल्या कामाची नाही. मीटिअर ३५० ची बैठक ७६५ मिलिमीटर उंचीवर आहे, क्लासिकची ८०५ वर आणि हिमालयन ४५० ची सर्वांत खालच्या स्थितीतही ८२५ वर. कागदावर हे आकडे जवळजवळ दिसतात. उतारावर उभे राहिले की तीन-चार सेंटिमीटरचा अर्थ समजतो. ज्यांना तो उशिरा समजतो ते मग सीटचा फोम कापून घेतात किंवा मागच्या सस्पेन्शनला लोअरिंग किट बसवून घेतात. किट बसवल्यावर गाडीचा मागचा भाग खाली येतो, पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, साइड स्टँड लांब पडू लागतो आणि सत्तरी तालुक्यातल्या खडबडीत रस्त्यासाठी ज्या ग्राउंड क्लिअरन्सचे (गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेचे) पैसे मोजले तोच कमी होतो. शोरूमच्या फरशीवर बसून पाहिलेली उंची आणि रॅम्पवर उभे राहून पाहिलेली उंची यांत एवढे अंतर आहे.

आणखी एक गोष्ट. मागे बसणाऱ्या व्यक्तीला शोरूममध्ये कोणीच नेत नाही. गाडी घेताना मित्र सोबत असतो, पण पुढची अनेक वर्षे मागे बसून म्हार्दोळ-मंगेशीला जाणारी आई किंवा रोज कामावर सोडायची असणारी पत्नी ती गाडी पहिल्यांदा पाहते ती पूजेच्या दिवशी. मग सहा महिन्यांत बॅकरेस्ट लागतो, पकडायला कडी लागते, फूटरेस्ट पुढे-मागे करून वेल्डिंग करावे लागते. शोरूमवाल्यांनीच ‘मागे बसणाऱ्यालाही सोबत आणा’ असे आग्रहाने सांगितले, तर त्यांची विक्री कमी होणार नाही. फार तर वेगळे मॉडेल विकले जाईल.

आता सायलेन्सरकडे वळतो. आपल्याकडे शॉर्ट बॉटल, मेगाफोन, इंदोरी अशा नावांनी जे नळकांडे विकले जाते, त्याविषयी सर्वांत मोठा समज असा, की त्याने गाडीची ताकद वाढते. सायलेन्सर हे केवळ आवाज दाबणारे भांडे नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर दाबाच्या लाटा येतात, आतले कप्पे आणि जाळ्या त्या लाटा परतवतात व विझवतात, आणि उत्पादकाने इंजिन या सगळ्या मार्गाचा हिशेब धरूनच जुळवलेले असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-नियंत्रण मानकांनंतर तर धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर हे दोन्ही एक्झॉस्टच्या मार्गात असतात. सेन्सर सांगतो तसे ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारे संगणकयंत्र, पेट्रोलचे प्रमाण ठरवते. मधला भाग काढून मोकळा पाइप बसवला आणि ईसीयूला काही सांगितले नाही, तर वायू वेगळ्या रीतीने वाहतो, पण पेट्रोल जुन्याच हिशेबाने मिळत राहते. मिश्रण बिघडते, इंजिन अधिक तापते, थ्रॉटल सोडला की फटफट आवाज येतो आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तो फटफट आवाज म्हणजे न जळालेले पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटत असते. गिऱ्हाईक मात्र तो ताकदीचा पुरावा समजतो.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक कंपनीच्या सायलेन्सरची आणि दुसरी मोकळ्या पाइपची, चोर्ला घाटात लागोपाठ चालवून पाहण्याची संधी मला मिळाली आहे. ज्या वळणावर पहिल्या गाडीला तिसरा गिअर लागला, त्याच वळणावर दुसरीलाही लागला. खालच्या आरपीएमवर दुसरी किंचित रिकामीच वाटली. फरक कानाला होता, आणि कानाला होता म्हणून मनालाही झाला: आवाज वाढला की वेग वाढला असे वाटते, स्पीडोमीटरचा काटा मात्र त्याच जागी असतो. जो मेकॅनिक प्रामाणिक आहे तो हे गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक सहसा ऐकत नाही, आणि शेजारच्या दुकानात जातो.

आवाजाच्या मोजणीबद्दलही थोडा गोंधळ आहे. आपल्या नियमांनुसार नव्या दुचाकीच्या आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबल आहे. ही मर्यादा चालत्या गाडीची, साडेसात मीटर अंतरावरून मोजायची आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीचा आवाज मोजण्याची पद्धत निराळी असून त्यात मापक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. दुसऱ्या पद्धतीने आलेला आकडा पहिल्या मर्यादेशी ताडून पाहिला, तर कंपनीतून आलेली कोरी गाडीसुद्धा दोषी ठरेल, आणि ज्याच्यावर खरोखर कारवाई व्हायला हवी त्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळेल. डेसिबलचे प्रमाण सरळ बेरजेचे नाही हेही लक्षात ठेवायला हवे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ४० आहे. बांबोळीच्या गोमेकॉ रुग्णालयाजवळून मोकळ्या पाइपची गाडी पिळत जाणाऱ्याला हे आकडे कोणी सांगितलेले नसतात.

आवाजावर एवढी चर्चा होते, पण माझ्या मते गोव्याच्या रस्त्यावर त्याहून घातक बदल दिव्यांचा आहे, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. जुन्या हेडलाइटमध्ये एच-४ जातीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात आणि डिपर लावल्यावर पेटणाऱ्या तारेखाली एक बारीक वाटी असते, जी वर जाऊ पाहणारा प्रकाश अडवते. बल्बमागचा, प्रकाश पुढे फेकणारा आरसा याच तारेच्या जागेशी मोजून घडवलेला असतो. त्या जागी स्वस्त एलईडी बल्ब खोचला, की प्रकाशाचा उगम दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतो, वाटीचे काम कोणी करत नाही आणि प्रकाश रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्वाराला आपल्यापुढे पांढराशुभ्र उजेड दिसतो म्हणून तो समाधानी असतो. समोरून येणाऱ्याला मात्र डिचोलीच्या अरुंद रस्त्यावर खड्डा, गुरे आणि पायी जाणारा माणूस यांपैकी काहीच दिसत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यामुळे हा त्रास दिवसरात्र असतो. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात धुके उतरले की हाच उजेड धुक्यावर आपटून स्वाराकडेच परततो आणि त्याचे स्वतःचे दिसणेही कमी होते. खाली बसवलेले, वर प्रकाश न फेकणारे, वेगळ्या स्विचवर चालणारे आणि रिलेसह जोडलेले फॉग लॅम्प हा त्यावरचा बरा उपाय आहे. पण तो महाग पडतो, आणि वायरिंग नीट करणारा इलेक्ट्रिशियन शोधावा लागतो.

मागचा मडगार्ड कापून आखूड करण्याच्या फॅशनविषयी थोडक्यातच लिहितो. खाण-भागातल्या लाल चिखलातून अशा गाडीच्या मागे स्कूटर चालवून पाहावी. हेल्मेटची काच पुसता पुसता ज्याचा तोल जातो, त्याचा गुन्हेगार कोण हे शोधावे लागणार नाही. मागे बसणाऱ्याच्या संरक्षणासाठी निदान अर्धे मागचे चाक झाकलेले असावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम आहे. साडी गार्ड ‘शोभत नाही’ म्हणून पहिल्याच दिवशी काढून ठेवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

टायरचे मात्र जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथे चांगला बदल आणि वाईट बदल अगदी शेजारी राहतात. कंपनीने दिलेल्या मापाचाच, पण ओल्या रस्त्यावर अधिक पकड देणारा चांगला टायर घालणे हा गोव्यातल्या स्वाराने करावा असा पहिला खर्च आहे, असे मी म्हणेन. जून महिन्यात पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल आणि धूळ यांची जी साय बसते, त्यावर हा फरक पहिल्याच ब्रेकला कळतो. पण त्याच दुकानात ‘मागून गाडी भारी दिसते’ म्हणून दोन मापे रुंद टायर घालणारेही भेटतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा उंच होतो, रस्त्याला टेकणारा भाग अपेक्षेइतका वाढत नाही, वळणावर गाडी उशिरा वळते आणि चेन टायरला घासण्याची भीती असते. चाकाचा व्यासच बदलला तर एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचाही) हिशेब चुकतो, कारण ते दोन चाकांच्या गतीची तुलना करूनच कोणते चाक घसरते आहे हे ठरवते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना जे सुरक्षिततेसाठी सक्तीचे केले, ते आपण हौसेपोटी निकामी करतो.

हँडल उंच करणे, बार-एंड आरसे लावणे हेही असेच तपशिलाचे विषय आहेत. उंच हँडलने पाठीला आराम मिळतो हे खरे, पण हँडल पूर्ण वळवल्यावर क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे तपासल्याशिवाय गराजमधून बाहेर पडू नये. बदल करून घेतल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधीही टेस्ट राइड असते, याची आठवण आपल्याकडे ना मेकॅनिकला असते ना मालकाला. शाबासकी द्यायची तर भाड्याने प्रवासी नेणाऱ्या आपल्या मोटारसायकल पायलटांना द्यावी. पिवळ्या मडगार्डच्या त्या गाड्या दिवसभर चढउतारांवर माणसे नेतात, आणि त्यांच्यावरचा खर्च मी तरी टायर, ब्रेक शू, चेन सेट आणि सीट यांवरच झालेला पाहिला आहे.

वागातोरला भरणाऱ्या मोटारसायकल मेळाव्यांना या बाबतीत दोष दिला जातो. तो मला पूर्ण पटत नाही. तिथे मांडलेल्या खास बनवलेल्या गाड्यांची फ्रेम, सस्पेन्शन, ब्रेक आणि इंजिन यांचा विचार एकत्र केलेला असतो, आणि त्यांपैकी अनेक गाड्या प्रदर्शनासाठीच असतात. आपला तरुण त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठ्याने ऐकू येणारा भाग तेवढा घरी घेऊन येतो.

कायद्याची बाजू आता पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे घेतली. अपंग व्यक्तींसाठी वाहनात करायच्या बदलांना कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, ती योग्यच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा आहे. आवाज आणि हवा यांची मानके मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना रद्द होऊ शकतो. सामान्य माणसाला एवढे ऐकून माहीत असते. फारसे माहीत नसते ते असे, की त्याच कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य वाहन विकणाऱ्या किंवा वाहनात तसा बदल करून देणाऱ्या डीलरला वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे, आणि कायद्यातील डीलरच्या व्याख्येत वाहने दुरुस्त करणाराही येतो. म्हणजे वीस पट दंडाची तरतूद पाइप बसवून देणाऱ्यासाठी आहे. असे असूनही आपल्या बातम्यांत दिसतो तो रस्त्यावर अडवलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा. दर्शनी काचेत पाइप टांगून ठेवणारे दुकान शोधायला नाकाबंदीची गरज नसते.

माझ्या सूचना फार खर्चाच्या नाहीत. वाहतूक खात्याने कोकणी आणि मराठीत एक साधे पत्रक काढावे, ज्यात कोणता बदल चालतो, कोणत्या बदलासाठी परवानगी लागते आणि कोणता मुळीच चालत नाही, हे चित्रांसह सांगितलेले असेल. सामान अडकवायची जाळी, सीटचा फोम, त्याच मापाचा टायर आणि मोकळा पाइप हे सगळे एकाच शिक्क्याखाली ‘मॉडिफिकेशन’ ठरू नये, कारण भीतीपोटी लोक उपयोगाचे बदलही टाळतात आणि विमा कंपनीला जोडलेल्या वस्तूंची माहिती देत नाहीत. विमा पत्रात जोडसामानासाठी वेगळा रकाना असतो. तो रिकामा ठेवल्याचा पश्चात्ताप दावा करण्याच्या वेळी होतो. गाडी पुरवताना शोरूमने हे पत्रक हातात द्यावे, आणि टेस्ट राइडच्या मार्गात चढ, गतिरोधक व मागे बसणारी व्यक्ती यांचा समावेश करावा, असे खात्याने निदान कळवावे तरी.

दुसरी सूचना पीयूसी केंद्रांविषयी आहे. बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रत्येक दुचाकीला वर्षातून एकदा या केंद्रात यावेच लागते. तिथला कर्मचारी नंबरप्लेटचे छायाचित्र घेतो आणि तपासणीची नळी घालतो ती नेमकी सायलेन्सरमध्येच. म्हणजे बदललेला पाइप वर्षातून एकदा सरकारमान्य माणसाच्या हाताखालून जातो, आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. मूळ सायलेन्सर नसलेल्या गाडीची नोंद तिथेच करण्याची आणि महिन्याभराची मुदत देऊन ती खात्याला कळवण्याची सोय केली, तर रात्रीच्या नाकाबंदीत पोलिसांचे मनुष्यबळ खर्ची घालावे लागणार नाही.

शेवटी जुन्या गाड्यांबद्दल. आपल्याकडे पुष्कळ तरुणांची पहिली मोठी मोटारसायकल जुनी असते, आणि ती बदललेल्या अवस्थेतच हातात येते. पाइप आधीच्या मालकाने बसवला असला, तरी तालांव आताच्या मालकाला मिळतो. तेव्हा व्यवहार ठरवताना मूळ सायलेन्सर, मूळ हेडलाइट, मडगार्ड आणि आरसे विकणाऱ्याकडून मागून घ्यावेत, ते नसतील तर त्यांची नवी किंमत विचारून भावातून वजा करावी, आणि गाडी दुकानाच्या दारात चालवून न पाहता जवळच्या एखाद्या चढावर, मागे माणूस बसवून चालवून पाहावी.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक,
फोंडा